बिराजदार गुरुजींचं बॅरल

बिराजदार गुरुजींच्या चौथीच्या वर्गात वेळापत्रक नाही. मधोमध दोनशे लिटरचं निळं बॅरल आहे. गणित, विज्ञान, भूगोल, मराठी, सगळे विषय गुरुजी त्यातूनच काढतात. "सगळं ह्यातच हाय की वो," हे त्यांचं पालुपद.

मी शेजारच्या वर्गात तिसरीला शिकवतो. माझे पाढे चालू असताना पलीकडे पोरं पाण्यात तुरटी फिरवत असायची. ते झालं की उजनी धरणापासून घरापर्यंतचा नकाशा, मग पाण्यावर निबंध. एकदा तर पाणी किती वर चढतं ते दाखवायला गुरुजी स्वतःच बॅरलमध्ये उतरले आणि अडकले. त्यांना ओढून काढायला माझी अख्खी तिसरी लागली. बाहेर येऊन म्हणतात कसे, "तुमच्या पोरांचा पण तास झाला की वो."

शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी बजावलं, "सहामाहीत चौथी मागं पडली तर बॅरल बाहेर आणि वेळापत्रक आत." गुरुजींची झोपच उडाली.

पेपरात नेमका प्रश्न आला: नळातून मिनिटाला दहा लिटर पाणी पडते, तर दोनशे लिटरचे बॅरल किती वेळात भरेल? पेपरामागून पेपर उत्तर एकच, पंचवीस मिनिटं. मोठ्या बाईंनी एका पोराला जाब विचारला.

"पयली पाच मिनिटं गढूळ येतंय की बाई. ते सोडून द्यावं लागतंय."

बाईंच्याही घरी नळ चार दिवसांनीच येतो. त्यांना हसू आवरेना. त्यांनी सगळ्यांना गुण दिले आणि बॅरल वाचलं.

मी पेढे मागायला गेलो, तर गुरुजी एकच पेपर धरून बसलेले. मागच्या बाकावरच्या, कधी तोंड न उघडणाऱ्या अंबिकाचा. तिनं एकटीनं वीस लिहिलं होतं.

"बरोबर तर आहे," मी म्हणालो.

"आत्ता विचारलो तिला. हिच्या घरी नळच न्हाय वो. शेजारच्या बोअरवरनं घागरीनं आणती." गुरुजींनी पेपर बाजूला ठेवला. "सहा महिने नळ नळ केलो, आन् हिला एकदा विचारलो न्हाय."

मला फार वाईट वाटलं, आणि या माणसाबद्दल मायाही दाटून आली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी बॅरल स्वतःच व्हरांड्यात ढकललं, वर्गात घागर ठेवली आणि खाली पोरांत मांडी घालून बसले.

"अंबिका, घरी पाण्याच्या खेपा किती?"

"सहा."

"वाटेत सांडतंय किती?"

अंबिकानं घागर पुढं सरकवली. "तुमीच भरून बघा की गुरुजी."

गुरुजींनी घागर खांद्यावर घेतली. वाट दाखवायला पुढं अंबिका, आणि मागं सगळी चौथी.