मी आता खडू उचलते

अन्याय झाला जाधवबाईंवर. कधी झाला तेही सांगते, कारण पत्रकात वेळ मोघम ठेवली की समोरचा लगेच निसटतो. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार, सकाळची शाळा, सातवीचा भूगोलाचा तास. बाई म्हणाल्या, "मी आता खडू उचलते." तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "उचला की. सांगता कशाला?"

तेव्हापासून बाई वर्गात गप्प आहेत. बाईंना ओळखणाऱ्या माणसाला एवढं वाक्य पुरे आहे, तो हातातला घास खाली ठेवील. जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी पुढचं लिहिते.

जाधवबाई जे करतात ते बोलून करतात. "मी फळ्याकडे वळले. डाव्या बाजूला वरून खाली वाकडी रेघ काढते. हा सह्याद्री. रेघेच्या उजवीकडे एक टिंब दिलं. हे आपलं कोरेगाव." वर्गात हे शोभतं. पण बाईंचं तोंड शाळा सुटल्यावर सुटत नाही. एसटीत बसल्या की म्हणणार, "मी पैसे पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवले." एकदा कंडक्टर हात जोडून म्हणाला, "आवं बाई, आख्ख्या गाडीला कशाला सांगताय? खिसेकापूबी बसलाय हितं कुठंतरी." एका लग्नात मंगलाष्टक चालू असताना बाईंनी सवयीनं जाहीर केलं, "मी आता अक्षता टाकते." निम्मा मांडव बाईंच्या हाताखाली शिकलेला होता. सगळ्यांनी टाकल्या. भटजींचं कडवं निम्म्यात, आणि नवरदेवाच्या डोक्यावर तांदळाचा सडा.

ही सवय लागली सारिकामुळे. सारिका आणि मी पाचवीला एका बाकावर होतो. तिला जन्मापासून दिसत नाही. गावातल्या शहाण्या माणसांनी तिच्या आईला सांगितलं होतं की हिला कुठंतरी लांब निवासी शाळेत घाला, हितं काय कळणार हिला. बाई म्हणाल्या, "गावात शाळा असताना पोरीनं गाव का सोडायचं?" बोलायला सोपं होतं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर नकाशा काढला आणि पाठ वर्गाकडे करून म्हणाल्या, "ही नदी इथून अशी येते आणि तिथं तिला मिळते."

सारिकानं हात वर केला. "बाई, कुठनं, कशी येते? आणि कुठं मिळते?"

वर्ग हसला. मीही हसले असेन. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या बोलायला लागल्या त्या लागल्याच. एका पोराला ऐकू कमी यायचं, तो ओठ बघून समजून घ्यायचा. त्याच्यासाठी तोंड वर्गाकडे हवं आणि हात फळ्यावर. म्हणून बाई खेकड्यासारख्या तिरक्या उभ्या राहून लिहायला शिकल्या. नदी म्हणजे सुतळी, डोंगर म्हणजे भिजवलेल्या कागदाचा लगदा, आणि जिल्ह्याची गावं म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले घेवड्याचे दाणे. सारिका बोटांनी महाराष्ट्र फिरायची. आम्ही डोळसही तिच्या मागे रांग लावायचो, कारण बोट फिरवलं की कोयना कुठून वळते ते जास्त चांगलं कळायचं.

आता माझं. माझे डोळे धडधाकट होते, पण अक्षरं पानावर एका जागी बसत नव्हती. वाचायला उभी केली की घाम फुटायचा. चौथीपर्यंत माझं नाव शुभांगी नव्हतं, ढ होतं. बाई बोलून शिकवायला लागल्या आणि अख्खा भूगोल माझ्या कानातून आत गेला. सोय सारिकासाठी केली होती, लाटली मी. आज मी पत्रकं लिहिते. फोनला सांगते, फोन लिहितो, मग तोच वाचून दाखवतो. हेही तसंच लिहिलंय.

बाईंनी सगळे धडे रेकॉर्ड करून पोरांच्या घरच्या फोनवर पोचवले होते. रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात व्हायचं, कारण घरात तेवढा एकच कोपरा शांत. गावात घरोघरी बाया घेवडा निवडत बसलेल्या आणि मधे फोनवर बाई, असं चित्र होतं. वार्षिक तोंडी परीक्षेला मी उभी राहून घडाघडा म्हणाले, "कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि, शिटी झाली थांबा, कराडला तिला कोयना मिळते." माझ्या नंतरच्या प्रत्येकानं कुकरच्या शिटीसाठी त्याच जागी थांबून तेच उत्तर दिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना वाटलं कृष्णेवर शिटी नावाचं एखादं गाव असेल. सगळे पास.

बाईंचे यजमान सुभेदार. फौजेत सगळी नोकरी वायरलेसवर केलेली. बाई घरात म्हणायच्या, "भात लावला." ओसरीवरून सुभेदार म्हणायचे, "रॉजर." "कपडे वाळत घातले." "रॉजर." एकदा आम्हाला म्हणाले, "वायरलेसवर बोलणं संपलं की माणूस 'ओव्हर' म्हणतंय. आमच्या हिचं ओव्हर कवाच होत न्हाई."

बाईंनी रॉजर वर्गात आणलं. कळलं तर रॉजर म्हणायचं, नाही कळलं तर "पुन्हा सांगा". ज्याला बोलायची लाज वाटते त्यानं बाकावर टिचकी मारायची. पुन्हा सांगा म्हणणाऱ्याला हसायचं नाही, एवढा एकच कायदा. मी दिवसाकाठी किती वेळा पुन्हा सांगा म्हटलं असेल याला हिशेब नाही. बाई प्रत्येक वेळी वेगळं सांगायच्या. कधी सुतळीनं, कधी चालून दाखवून, एकदा चक्क कृष्णा आणि कोयनेचं भांडण लावून.

सुभेदार गेले त्याला दोन वर्षं झाली. दिवसकार्य उरकून बाई शाळेत आल्या. टेबलाशी गेल्या. मग म्हणाल्या, "मी आता खडू उचलते." सगळा वर्ग म्हणाला, "रॉजर."

आता त्या शनिवाराकडे येऊ. मी तिथं नव्हते, पण पोरांनी सगळं सांगितलं, एकानं साहेबांचा आवाजही काढून दाखवला. साहेब आत आले तशा बाई म्हणाल्या, "साहेब आत आले आहेत. निळा शर्ट. साहेब मागच्या बाकावर बसतायत. तो बाक डुगडुगतो साहेब, भिंतीला टेका. साहेब मोबाईल बघतायत."

"रॉजर," वर्ग म्हणाला.

साहेबांनी मोबाईल ठेवला. "वर्गात अंध विद्यार्थी किती?"

"आत्ता एकही नाही."

"मग हे चाललंय कुणासाठी?"

"यांच्यासाठी," बाई म्हणाल्या. "कुणाला काय लागतं ते कपाळावर लिहून येत नाही, साहेब. सारिकाचं दिसत होतं. शुभांगीचं कुणाला दिसलं होतं?"

साहेबांना दोघीही माहीत नव्हत्या. त्यांनी शेरा मारला: लाभार्थी नाहीत, सबब साहित्य ऑफिसच्या कपाटात जमा करावे, अध्यापन शिस्तीत व्हावे. सुतळीचा महाराष्ट्र, अक्षरं मोठी दाखवणारी भिंगं, धडे ऐकायचा स्पीकर, सगळं कुलपात गेलं. एखादा लाभार्थी सापडला की किल्ली मिळेल म्हणे. मी ऑफिसात जाऊन विचारलं, आग लागल्यावर विहीर खणायची पद्धत कुठल्या नियमात आहे? मला बाहेर बसायला सांगितलं.

आणि बाई फौजीची बायको. लेखी हुकूम आयुष्यात मोडलेला नाही. सुट्टीनंतर त्यांनी गप्प राहून खडू उचलला. पोरं वाट बघत बसली. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, उचलला का?"

सारिका आता सांगलीला आहे. विश्रामबागला एका कॉलेजात पोरांना संगणक शिकवते, तिचा संगणक तिच्याशी बोलतो आणि ती त्याच्यापेक्षा जास्त बोलते. फळ्यावर काय आलं ते सांगत सांगतच शिकवते. ही सवय कुठली ते मी तिच्या पोरांना विचारलं नाही, मला माहीत आहे. तिला फोन करून सगळं सांगितलं तर म्हणाली, "शुभे, पत्रक काढ. आणि त्यात बाई दिसायला कशा हायत ते लिही. मला कधी कुणी सांगितलंच न्हाई. त्या सगळ्याचं सांगायच्या, सोताचं सोडून."

तर ऐक सारिके. बाई बुटक्या आहेत. फळ्याच्या वरच्या कडेला हात पुरत नाही म्हणून हिमालय नेहमी चवड्यांवर उभ्या राहून काढतात. सुताराच्या पेन्सिलीसारखा खडू कानावर ठेवतात, त्यामुळे उजवा कान कायम पांढरा. हसताना डोळे पार मिटतात.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन साताऱ्याहून दुरुस्त करून आणला, तो द्यायला संध्याकाळी घरी गेले. दाराशी पोचले तर आतून बाईंचा आवाज. फोन माझ्या हातात आणि घरात दुसरं माणूस नाही.

"दूध उतरवलं," बाई म्हणाल्या. आणि थांबल्या. वाक्य संपल्यावर माणूस थांबतो तसं नाही, जरा जास्त.

"चहा टाकला." पुन्हा तेवढंच थांबणं.

ते थांबणं कशासाठी आहे ते मला कळलं. गेली दोन वर्षं त्या जागी वर्ग होता. आता तोही नाही.

बाईंच्या घरात शिरताना नाव सांगायचा नियम आहे. मी म्हटलं, "बाई, मी शुभांगी."

"ये. दुसरा कप काढला."

मी म्हटलं, "रॉजर."

त्यानंतर बाईंनी जे केलं ते बोलून केलं नाही. त्या काय करत होत्या ते मी सारिकालाही सांगणार नाही.

आता तुमचं काम. तुमच्या गावच्या शाळेत जा. मागच्या बाकावर बसा, डोळे मिटा आणि एक तास ऐका. "हे इथून असं येतं" एवढंच ऐकू आलं तर हात वर करा आणि विचारा, कुठून, कसं. ऑफिसातलं कपाट उघडून मागा. लाभार्थी कोण असं विचारलं तर वर्गाचं पूर्ण हजेरीपत्रक पुढं ठेवा. आणि आमच्या तालुक्यातले असाल तर येत्या शनिवारी आमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे, तिथं या. साहेबांचा शेरा वर्गापुरता आहे, सभेला लागू नाही. बाई उभ्या राहतील, म्हणतील, "मी आता खडू उचलते," आणि थांबतील. तेवढ्या वेळात काय म्हणायचं ते तुम्हाला कळलेलं आहे. मोठ्यानं म्हणा.