मूल सोपवले, दोष शून्य

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता आमच्या कार्यालयातील डिबगरने काम करणे थांबवले. डिबगर म्हणजे चालत्या ॲपला जागच्या जागी उभं करून "आत काय शिजतंय?" असं विचारणारं अवजार. त्या दिवशी ॲप बेधडक पळत होतं आणि डिबगर ढुंकूनही बघत नव्हता.

ॲप पाळणाघरांसाठी होतं. पालकाच्या हाती मूल दिलं की मावशींनी बटण दाबायचं आणि 'मूल सोपवले' अशी हिरवी खूण उमटायची. अडचण एवढीच, की साडेपाच वाजले की ॲप कुणी बटण न दाबताच सगळी मुलं सोपवून मोकळं व्हायचं. शुक्रवारी ते माझ्या लेकीच्याच पाळणाघरात सुरू होणार होतं, त्यामुळे मला जरा जास्तच घाई होती.

ॲप फोनवर, डिबगर संगणकावर आणि मधे एक वायर. मी फोन बंद करून चालू केला. संगणक बंद करून चालू केला. स्वतः जेवून आले. फरक शून्य. शेवटी नवऱ्याला फोन लावला. तो मिक्सर दुरुस्त करतो.

"वायर बदललीस?"

"वायर नवी कोरी आहे रे. गेल्याच आठवड्यात सगळ्यांना वाटल्यात."

"मग तीच."

तीच होती. टेबलं एकसारखी दिसावीत म्हणून साहेबांनी आमच्या गाठी पडलेल्या काळ्या वायरी कपाटात कुलूपबंद करून पांढऱ्याशुभ्र वायरी दिल्या होत्या. त्या वायरींनी फोन फक्त चार्ज व्हायचा. माहितीचा कणही इकडून तिकडे जात नव्हता.

"साहेब, माझी जुनी वायर हवी होती. नवीनवर डिबगर चालत नाही."

"पुरावा?"

"चालत नाही, हाच पुरावा."

"असं कसं, मॅडम? तक्रारीला डिबगरची नोंद जोडावी लागते."

"तो बंद आहे म्हणून तर..."

"मग चालू झाला की जोडा. आपली काही घाई नाही."

बुधवारी त्रिसदस्यीय समिती आली. फोन चार्ज होतोय हे तिघांनी आळीपाळीने पाहिलं आणि 'वायर कार्यक्षम' असा शेरा मारला. गुरुवारी मी घरून लेकीच्या टॅबची वायर आणली. "संध्याकाळी परत दे हं, हरवायची नाही," असं बजावून तिने ती दिली होती. वायर गुलाबी होती. दहा मिनिटांत 'रंगशिस्तभंग' या सदराखाली ती जप्त झाली. पोचपावती मात्र पांढरीशुभ्र मिळाली.

शुक्रवारी बैठकीत साहेबांनी आलेख दाखवला. डिबगरने आठवडाभरात एकही दोष नोंदवला नव्हता. कार्यालयाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. इतर विभागांनाही तातडीने पांढऱ्या वायरी देण्याचा ठराव झाला.

"साहेब, पण तो साडेपाचचा दोष..."

"नोंद आहे?"

"नाही."

"मग दोष नाही."

टाळ्या झाल्या. खरं सांगायचं तर मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

पावणेसहाला मी पाळणाघराच्या दारात धापा टाकत उभी.

"तुमची गेली की," फोन बघत मावशी म्हणाल्या.

"अहो, ती काय तुमच्या मागे, चपला उलट्या घालतेय!"

"दिसतेय ना, डोळे आहेत मला. पण नोंदीत गेलेलं मूल परत कसं देऊ? आधी दाखल करा, मग सोपवते."

"करा मग दाखल."

"दाखल करायची वेळ सकाळी नऊ ते दहा."

लेकीला यातलं काहीच ठाऊक नसल्यामुळे ती मावशींच्या हाताखालून वाकून आली, माझं बोट धरलं आणि चालू लागली.

"आई, माझी वायर?"

"सोमवारी आणते हं, राणी."

फाटकाशी मात्र गर्दी नव्हती. हिरवी खूण बघून बरेच पालक निश्चिंत मनाने कोपऱ्यावरूनच परत फिरले होते. जाता जाता ॲपला पाच तारेही देऊन गेले.

आत पायरीवर अजून एक जण बसलाय. निळा सदरा, मांडीवर दप्तर, नाक थेट तुमच्यासारखं. तुमच्या फोनवर तो केव्हाच घरी पोचलाय, तेव्हा तुम्ही हे सावकाश वाचून संपवा. आपली काही घाई नाही.