बापूंनी दुसऱ्यांदा पाहिलं

आमचे शेजारी बापू कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा बघत नसत. घोडेगावच्या गुरांच्या बाजारात त्यांनी चाळीस वर्षं दलाली केली. गाय समोर आली की शिंगापासून खुरापर्यंत एक नजर फिरवायची आणि निकाल द्यायचा, "घ्या," नाहीतर "सोडा." कोणी म्हणालं, "बापू, पुन्हा एकदा बघा की," तर म्हणायचे, "दुसऱ्यांदा बघतंय ते गिऱ्हाईक. दलालानं एकदाच बघायचं."

बाजार सुटला, सवय सुटली नाही. माझी नवी चप्पल, चौकातलं नवं हॉटेल, थोरल्या जावयाची मिशी, सगळ्यांचे निकाल त्यांनी उभ्या उभ्या लावले. पुढे जावयाने मिशी काढली, तरी निकाल बदलला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची नात केतकी दहावीची परीक्षा देऊन पुण्याहून राहायला आली. बापूंची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून बापू घरात एकटेच. नात येणार म्हणून आठवडाभर अंगण झाडत होते. पण पोरगी आली ती मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली. शेवटी बापूंनी विचारलं, "काय बघतीस गं?"

"ॲनिमे."

"एनिमा? जनावराचं पोट साफ हुईना की देत्यात, त्यो?"

केतकी आल्यापासून पहिल्यांदा हसली. तिने मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवला आणि पहिला भाग लावला. जपानी चित्रांची मालिका. डोंगरातलं एक राज्य, एक अनाथ मुलगी आणि तिला पाठीवर घेऊन उडणारा ड्रॅगन. बापूंनी पाच मिनिटं पाहिलं.

"खांद्याची ठेवण चुकलीय. असलं जनावर नांगराला चालायचं न्हाई, उडतंय कुठलं? सोडा."

केतकीने मोबाईल उचलला आणि कानांत इअरफोनची बोंडं घातली. पुढचे चार दिवस "हो" आणि "नको" यापलीकडे ती आजोबांशी बोलली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बापू आमच्या ओट्यावर येऊन बसले. मी शाळेत शिकवतो, म्हणून मला ते मास्तर म्हणतात.

"मास्तर, एकदा सोडल्यालं जनावर पुन्यांदा बघितलं, तर लोक काय म्हंत्याल?"

"पहिल्यांदा उजेड कमी होता म्हणायचं."

बापू ओट्यावरून उठले. "व्हय. मोबाईल लई बारका हुता."

त्या दुपारी ते नातीजवळ जाऊन बसले. "केतके, ते पहिल्यापास्नं लाव. म्या नीट बघितलं न्हवतं." हे मी खिडकीतून स्वतः ऐकलं. बापूंच्या तोंडून असं वाक्य गावात कोणी ऐकलेलं नव्हतं.

मग रोज दुपारी दोघांची बैठक जमू लागली. पात्रं जपानी बोलत, खाली इंग्रजी अक्षरं धावत. बापूंना दोन्हींचा गंध नव्हता. केतकी अर्थ सांगायला लागली की म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. गाय कुठं बोलती? बघून कळतंय."

जुने भाग संपले. पुढचा एकेक भाग दर शनिवारी यायचा. त्यात ड्रॅगन अन्नाला शिवेना, उडेना. केतकी आणि तिचा मोबाईलवरचा मित्रमैत्रिणींचा गट हवालदिल झाला. ड्रॅगनला शाप लागलाय आणि तो मरणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

बापू पुढे वाकले. "तो न्हाई, ती. आन मरत न्हाई, गाभण हाय. बसताना अंग कसं सांभाळतीया बघ. मानसापास्नं लांब जातीया, जागा हुडकतीया."

केतकीने ते गटात कळवलं. तिकडे नुसती हसाहशी. बापूंनी मान हलवली. "हसू दे. दोन शनवार थांब."

दुसऱ्या शनिवारी मी मुद्दाम बघायला गेलो. ड्रॅगन गुहेत शिरला. मुलगी रडत मागोमाग गेली, तिने मशाल वर धरली, आणि पंखाखाली तीन अंडी दिसली.

केतकीने आजोबांच्या गळ्यात हात टाकले. मोबाईल थरथरायचा थांबेना. गटाने बापूंना 'सेन्सेई' ही पदवी दिली होती.

"म्हंजी काय?"

"जपानीत मास्तर."

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजी आता आपण बरोबरीचं."

पुढच्या बाजारात जाऊन त्यांनी जुन्या दलालांना स्वतःच सांगितलं, "एकदा आमची पारख चुकली. चितारणारा गोठ्यात बसल्याला मानूस हाय." हे सांगताना त्यांची छाती चार बोटं पुढे आली होती. चूक कबूल करताना इतका ऐटीत उभा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जूनमध्ये केतकी पुण्याला गेली. जाताना तिने मालिका बापूंच्या मोबाईलवर लावून दिली. शेवटचा भाग आला त्या शनिवारी संध्याकाळी मी गेलो, तर त्यांचा पाहून झाला होता. मुलगी राणी झाली, पिल्लं डोंगरापलीकडे उडून गेली आणि ड्रॅगन बराच वेळ आभाळाकडे बघत बसली, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. सांगताना दोनदा उपरण्याने डोळे पुसले. तेवढ्यात केतकीचा फोन आला.

"आजोबा, शेवटचा भाग बघितलात का?"

बापूंनी मला गप्प बसायची खूण केली.

"न्हाई गं. रेंजच न्हवती. तूच सांग, काय झालं."

केतकी सांगू लागली, अगदी पहिल्या प्रसंगापासून. बापू भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "व्हय? मंग?"