अनंत मास्तरांनी लपवलेली किंमत

अनंत मास्तरांनी मला फसवलं. लेखी फसवलं, माझी सही घेऊन फसवलं. व्यवहारात त्यांनी किंमत लपवली. सत्तावीस वर्षं भांडी विकणाऱ्या बाईपासून किंमत लपवणं म्हणजे काय, ते डिचोलीच्या बाजारात कुणालाही विचारा.

मास्तर माझ्या दुकानात आले की टोप बघत नाहीत, वाजवतात. खिशातून लाकडी चमचा काढायचा, एकेका टोपाच्या काठावर टण्ण करून मारायचा आणि डोळे मिटून उभं राहायचं. तळ जाड आहे का, झाकण बसतं का, काही विचारणार नाहीत. "हा काळी दोनच्या जरा खाली बसतोय, सुलू. दुसरा दाखव." एकदा त्यांना एकट्यापुरता भाताचा टोप हवा होता. सव्वा तास सगळं दुकान वाजवून त्यांनी नेला तो वीस माणसांचा. मी म्हटलं, "मास्तर, यात भात शोधावा लागेल." तर म्हणाले, "पण षड्ज बघ कसा भरलाय!"

मुळगावात आमच्या दोन घरांमध्ये एक कंबरेइतकी भिंत आहे, तेवढीच. मास्तर खाणीच्या हापिसात कारकून होते आणि संध्याकाळी भजन शिकवायचे. अर्ध्या तालुक्याला त्यांनी गायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला गाणं सोडायला लावलं, कारण बेसूर त्यांना सोसत नाही. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना उठून त्यांनी भटजींना थांबवलं आणि आधी सूर दिला. नवरा-नवरी हार धरून उभी.

बायको गेल्यापासून ते रात्री आमच्याकडे जेवायचे. मूलबाळ नाही. आमच्या घरी आई आणि मी दोघीच, आम्हालाही तिसरं पान बरं वाटायचं. सकाळी पाववाला पोदेर आला की दोन्ही घरांच्या पोया मास्तर घेऊन ठेवत आणि रात्री आठच्या ठोक्याला भिंत ओलांडून हजर. मग आई आणि ते माशांच्या हुमणात तिखट किती असावं यावर भांडत. नऊ वर्षं भांडले.

पुढे खाण बंद पडली आणि छपन्नाव्या वर्षी मास्तर रिकामे झाले. दुसऱ्या कुणी रिक्षा घेतली असती. यांनी पणजीत संगीतोपचाराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं! तरुणपणी बाहेरून परीक्षा देऊन मिळवलेली संगीताची पदवी होती, ती ट्रंकेतून काढली. वर्गात बाकीची सगळी बावीस-तेवीसची पोरं, यांना अंकल म्हणणारी. शनिवारी सकाळच्या बसने मास्तर जायचे, हातात मेंदूची चित्रं काढलेली वही. परत आले की साऱ्या गावाची लय तपासायचे. माझी दाढ दुखत होती तेव्हा भिंतीपलीकडून विचारलं, "ठणका विलंबित आहे की द्रुत?"

"मास्तर, दाढ आहे ती. ख्याल नव्हे."

"तेच तर. लय कळल्याशिवाय हात कुठे घालणार?"

हात शेवटी दातांच्या डॉक्टरांनीच घातला.

त्याच वर्षी आईला झटका आला. उजवा हात गेला तो थोडा परत आला, बोलणं गेलं ते आलं नाही. आम्ही मूळ पेडण्याकडच्या. आईने चाळीस वर्षं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हरमलची मिरची विकली. तिच्या तोंडाच्या जोरावर मी वाढले, तिच्या तोंडाच्या जोरावर दुकान उभं राहिलं. ते तोंड गप्प झालं. तिला सगळं समजायचं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा आणि ती डाव्या हाताने स्वतःच्या मांडीवर बुक्क्या मारायची. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. मला बसचीसुद्धा वाट बघता येत नाही.

असे सहा महिने गेले. एक दिवस मास्तर म्हणाले, "सुलू, आईला माझी केस करू देशील? मेंदूत बोलण्याची जागा बिघडली तरी गाण्याची कधी कधी शाबूत राहते. त्या वाटेने जाऊन बघतो."

मी पहिल्यांदा जे विचारायचं तेच विचारलं. "किंमत?"

"काही नाही. मला उपचारांचे तास भरायचे आहेत. पेशंट हवा."

फुकट म्हटलं की मी दोनदा तपासते. पण समोर आई होती. मास्तरांनी सहा पानांचा इंग्रजी कागद आणला. घाऊक व्यापाऱ्याचं बिल तीनदा वाचणारी मी, न वाचता शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर जेवायला यायचे बंद झाले.

विचारलं तर म्हणाले, "पथ्य आहे." मला वाटलं पोटाचं. चार दिवसांनी सुंगटं घालून हुमण केलं आणि डबा भिंतीवर ठेवला. डबा तसाच परत. वर चिठ्ठी, 'पेशंटच्या घरून भेटवस्तू घेता येत नाही.' भेटवस्तू! माझं हुमण! मी भिंतीपाशी गेले आणि चार घरांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, अजून पास झाला नाहीत, आणि आत्ताच एवढे मोठे झालात?"

आतून शांतपणे उत्तर आलं, "सुलू, आवाज तार सप्तकात गेलाय. घशाला बरं नव्हे."

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. आईला मी रोज दुकानात आणायचे; तीनला मास्तर पेटी घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्याकडे येत. अभंग झाले, ओव्या झाल्या, आरत्या झाल्या. आई त्यांच्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची. सात-आठ आठवडे हेच. मास्तर वहीत 'प्रतिसाद नाही' लिहायचे आणि पेटी उचलून निघायचे. वाकून चालायला लागले होते.

एक दिवस पावणेचारला एक बाई अर्धं शटर उचलून आत आली. कढई हवी होती. मागे पेटी चालूच होती. मी भाव सांगितला. ती म्हणाली, "कमी करा गे थोडं." मी तोंड उघडायच्या आत मागच्या खोलीतून आवाज आला. लांबलचक, शेवटी वर चढवलेला, थेट म्हापशाच्या बाजारातला:

"ना गो बाये, परवडनाऽऽ!"

आईचा आठ महिन्यांनी पहिला शब्द. कढई माझ्या हातातून पडली. गिऱ्हाईक घाबरून सांगितल्या भावाला घेऊन गेलं. मी आत धावले. आईचे डोळे वाहत होते. आणि मास्तरांनी, चाळीस वर्षांच्या सवयीने, पेटीची पट्टी दाबली आणि म्हणाले, "शेवटी किंचित उतरलं हां, पार्वतीबाय."

आईने तोंड मिटलं. आठवडाभर उघडलं नाही.

त्या आठवड्यात मी मास्तरांशी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. वही उघडी होती म्हणून मी वाचलं, 'उपचारकाची चूक. सूर सुधारायला गेलो.' खाली तीन रेघा, कागद फाटेपर्यंत ओढलेल्या.

मग त्यांनी पेटी घरी ठेवली. आईपुढे हात जोडले, टोपावर चमच्याने ठेका धरला आणि स्वतः गिऱ्हाईक झाले. "मिरची कशी दिली, पार्वतीबाय?" हे गाऊन विचारायचं. या माणसाला जन्मात घासाघीस आली नाही. सांगितला भाव देऊन वर आभार मानणारा. आई त्याला रोज लुटायला लागली. आधी नुसतं "परवडना." मग "व्हर रे, व्हर!", म्हणजे घेऊन जा. मग "हरमलची मिरसांग!" आणि एक दिवस टोपावरचा ठेका थांबलेला असताना, गाण्याशिवाय, सरळ बोलण्यात, "फुकट जाय रे तुका?" आई साफ बेसूर ओरडायची आणि मास्तर ओठ चावून मान डोलवायचे. मंगलाष्टकं थांबवणारा माणूस!

अभ्यासक्रम संपताना त्यांच्या सुपरवायझर मॅडम आईला बघायला घरी आल्या. अठ्ठावीसएक वर्षांची मुलगी. आईने तिलाही मिरची विकली. मॅडम खूश, मास्तर पास. ते निघून गेल्यावर मॅडमना चहा देताना मी मनातलं बोलले, की तुमचा विद्यार्थी शिकला आणि शेजाऱ्यांच्या पानावर बसेनासा झाला.

मॅडमनी कप खाली ठेवला. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? ज्या घरी रोज जेवता त्या घरचा पेशंट घेता येत नाही, असं म्हणून मी परवानगी नाकारली होती. दुसरा पेशंट देते म्हटलं. पुढच्या शनिवारी येऊन म्हणाले, जेवण सोडतो, आता द्या."

"बरं. पण आता केस संपली ना?"

"संपल्यावरही दोन वर्षं येणं-जाणं नाही. चौथ्या पानावर आहे."

मी तशीच भिंतीपाशी गेले. मास्तर मागच्या पायरीवर जेवत बसले होते. भात आणि लोणचं.

"मास्तर, मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू घासाघीस केली असतीस."

"केलीच असती!"

"तुझ्यापुढे मी टिकलो नसतो," ते म्हणाले. "आणि आईचं बोलणं राहून गेलं असतं." मग भाताकडे बघत म्हणाले, "जेवायला काय, कुठेही मिळतं." घास मात्र बराच वेळ हातातच राहिला.

मी एक वर्षावर आणून बघितलं, सहा महिन्यांवर, नुसत्या रविवारवर. मान हलवतात. कागदावर त्यांचीही सही आहे म्हणे.

आई आता बोलते. अडखळते, पण बोलते. आणि रोज पानं मांडली की विचारते, "मास्तर जेवपाक येना गो?" मी विषय बदलते. ती परत विचारते. एवढ्या कष्टाने परत मिळालेलं बोलणं, त्यातलं निम्मं ती यावरच घालवते. तर ते चौथं पान ज्याने कुणी लिहिलं असेल, त्याने मुळगावात यावं. आठला यावं, आईसमोर बसावं, आणि तिला काय सांगायचं ते त्याने सांगावं. मी सांगणार नाही.