शेंदरातले साग

साहेब, सागाच्या झाडांचे देव तुम्ही केलेत. गावानं नाही, आणि काकासाहेबानं तर नाहीच नाही. "उद्या येतो" म्हणालात आणि दिवाळी उलटल्यावर उगवलात. मधल्या काळात जे झालं ते आता ऐकून घ्या.

काकासाहेब बजाजनगरात राहायचा, कारखान्यात मशीन चालवायचा. चितेगावच्या पुढं त्यानं साग-बाभळीचं रान विकत घेतलं. बेत सरळ होता. जुने साग तोडून विकायचे, त्यातून घर उभं करायचं, मग नवे साग लावायचे. बायको मनकर्णाबाईनं सगळा संसार भाड्याच्या एका खोलीत काढलेला. खिडकी उघडली की समोरच्याची मोरी. तिला स्वतःचं दार पाहिजे होतं. बास.

तोडीच्या परवानगीला काकासाहेब तुमच्या वनखात्याच्या कचेरीत आला. तुम्ही म्हणालात, "तोडायच्या झाडांना लाल खुणा करून ठेवा. उद्या येतो बघायला."

"रंग तुमचाच आसतो ना, साहेब?"

"संपलाय. तुमचा लावा."

गावातल्या दुकानात लाल रंग नव्हता. शेंदूर होता. काकासाहेबानं तो तेलात कालवला आणि एकेका सागाला हातभर पट्टा ओढला. बाभळी सोडून दिल्या, त्यांना कोण विचारतं!

"लई चिकट झालंय बे," दाऊद मिस्त्री म्हणाला. हा त्याचा जुना दोस्त, घराचं सुतारकाम तोच करणार होता. "पाऊस आला तरी निघायचं नाय."

"निघायला नकोच. साहेब उद्या येणारेत."

तुम्ही आला नाहीत. शनिवारी गावातली चतुराबाई आली. तिची हरवलेली म्हैस नेमकी सागाखाली रवंथ करत बसलेली. चतुराबाईनं वर बघितलं तर शेंदूर! तिथंच तिनं नारळ फोडला. पुढच्या शनिवारी नारळांची रांग लागली.

काकासाहेब धावत आला. "मावशी, शेंदूर मी लावलाय! तोडायची खूण हाये ती!"

"तुझ्या हातून देवानं लावून घेतला, बाबा. लई नशिबवान तू."

"आन् एवढे देव एकाच रानात?"

"मग? तुझं रान काय लहान हाये का?"

शेवटी मनकर्णाबाई बादली आणि घासणी घेऊन निघाली. खसाखसा साग घासायला लागली. बायकांना वाटलं, देवाला अंघोळ घालतीय. शेंदूर निघाला नाही, पण खाली गळणारं पाणी तीर्थ म्हणून तांब्यात भरून गेलं.

दिवाळी उलटल्यावर तुम्ही आलात तेव्हा रानात भजन चालू होतं. तुम्ही चपला काढल्यात, प्रसाद घेतलात आणि म्हणालात, "ही देवाची झाडं. परवानगी मिळणार नाही."

"साहेब, तुम्हीच म्हणला व्हता, खुणा करा!"

"खुणा करा म्हणालो. पूजा करा असं नव्हतो म्हणालो."

मनकर्णाबाईनं पदर डोळ्याला लावला. "गेलं माझं दार."

दाऊदनं जवळच्या बाभळीवर थाप मारली. "भाभी, रोते कायको? बाभळीला कुठं शेंदूर हाये? लोखंड हाये ह्ये लोखंड! साहेब, ह्या तर तोडू ना?"

तुमच्या तोंडात तेव्हा प्रसादाचा दुसरा पेढा होता. नाही म्हणता आलं नाही. मान हलली.

घर झालं. चौकट बाभळीची, दार बाभळीचं, लोटायला दोन हात लागतात. मनकर्णाबाई ते उगाचच उघडते, उगाचच लावते. साग जाड होतायत. मोकळ्या जागेत तिनं नवी रोपं लावलीत आणि भक्तांना ताकीद दिलीय, "ह्यांना हळदसुद्धा लावायची नाय!"

आणि साहेब, देवांसाठी त्या रानात खडीचा रस्ता आला. हातपंप आला. लाईटचा खांब आला. चतुराबाईची वस्ती तिथून हाकेवर आहे, आजेसासऱ्यापासूनची. तिथं अजून रॉकेलची चिमणीच जळते. वस्ती खांब मागायला येते, तेव्हा तुमच्यातला प्रत्येक साहेब "उद्या येतो" म्हणतो.

सागाला शेंदूर लागला की महिन्यात खांब येतो. मग वस्तीतल्या माणसांनी शेंदूर कुठं लावून उभं राहायचं? कपाळाला, की सगळ्या अंगाला?

उत्तर द्या. आणि आज द्या.