पाच वेळा सुटणारी बस

कोईमतुरात गुप्तहेर एकच. मी, वेलप्पन. कंपनी मला गेटवरचा वॉचमन समजते, तो त्यांचा गैरसमज. माझी मिशी बघून चोर परत फिरतात. आजवर एक कुरियरवालाच फिरलाय म्हणा, पण सुरुवात झाली.

आमची कंपनी बसमालक मुत्तुकरुप्पनची तिकिटांची वेबसाईट चालवते. जावा नावाच्या कॉम्प्युटर-भाषेत लिहिलेली. परवा तिची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली आणि बोंब झाली. "बस सुटतेय, या" हा मेसेज प्रवाशांना दोन-दोनदा. मालक फोनवर गरजला, "शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर लिहिणाऱ्या पोरीला घरी पाठवा."

ती पोरगी मदिवदनी. गेटपाशी रडवेली उभी.

"मेसेज पाठवतं कोण?" मी तपास हाती घेतला.

"थ्रेड, अण्णा. वेबसाईट पुढं गिऱ्हाईक बघते, हा मागं बसून आपलं काम करत राहतो."

"दिसतो कुणाला?"

"नाही."

"मागं बसतो, दिसत नाही. अम्मा, अजून काय पुरावा पाहिजे? झोप कमी पडतेय त्याला, म्हणून दोनदा बरळतो."

तिनं थ्रेडची झोप, म्हणजे दोन कामांमधली विश्रांती, वाढवली, वेबसाईट पुन्हा चढवली. मेसेज तीन.

"मजकूर बदलून बघ. चोर गोंधळतो."

बदलला, चढवली. मेसेज चार. तीन जुन्या शब्दांत, एक नव्या.

"टोळी आहे," मी मिशीला पीळ दिला. "आत पहारा बसव."

थ्रेड काय-काय करतो ते टिपायची सोय तिनं केली, चढवली. पहारा सांगे, थ्रेडनं एकच मेसेज पाठवला. प्रवाशांना पाच.

"थ्रेड खोटं बोलतोय," मी म्हटलं. मदी हुंदका देऊन आत गेली. मीही मागोमाग.

तेवढ्यात सुट्टीवरून तिचा सीनियर इरुदयराज उगवला. चकलीसारखा मुरुक्कू चावत त्यानं सर्व्हरवर चालू असलेले थ्रेड उघडून बघितले. एकाच नावाचे पाच.

"मदी, नवीन चढवताना जुना थांबवलास?"

"वेबसाईट काढली की तोही जातो ना?"

"सांगितल्याशिवाय तो कशाला जाईल? जितक्यांदा दुरुस्त केलंस, तितके वाढले."

"टोळी मीच म्हटलं होतं," मी आठवण करून दिली. कुणी ऐकलं नाही.

मदीनं वेबसाईट उतरताना थ्रेडला थांबायला सांगणाऱ्या चार ओळी घातल्या, सर्व्हर एकदा पुरता बंद करून चालू केला. शुक्रवारी मेसेज एकच गेला.

दुपारी मालकाचा फोन. "पोरीला ठेवा. पण तिला म्हणावं, आजच्या दिवस अजून चार पाठव. अर्धी बस पाचव्या मेसेजची वाट बघत घरी बसलीय."