दारावरचा पंजा

दत्ताराम गोठणकरांनी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं आणि पिशवी न उचलताच पुन्हा लावून घेतलं. वर साखळी चढवली. मग जरा दम घेऊन त्यांनी विचारलं, "रत्ना, आपल्या दाराला बाहेरून कोणी हात लावलाय का?"

"दाराक हात नाय लावूचो तर काय पाय लावूचो?" स्वयंपाकघरातून रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"इकडे ये आणि बघ."

तपकिरी सनमायकावर, कडीच्या जरा वर, एक पांढरा पंजा उमटला होता. पाचही बोटं सुटी, तळहात नीट टेकलेला, कोणीतरी "थांब" म्हणावं तसा. रत्नप्रभाबाईंनी तो पाहिला, दुधाची पिशवी उचलली आणि "पुसून टाका" म्हणून त्या आत गेल्या. दत्तारामांचा हात मात्र पुसायला पुढे होईना. त्यांना आदल्याच दिवशी वाचलेला एक मेसेज आठवला होता.

तो मेसेज दुसऱ्या मजल्यावरच्या दीप्ती गायकवाडने सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. जगातलं कुठलंही संकट मुलुंडला पोचायच्या आत दीप्तीच्या फोनवर येत असे. चोरांची एक टोळी फिरते आहे, जे घर फोडायचं ठरतं त्याच्या दारावर आधी चुन्याची खूण केली जाते, आपल्या माणसांना कळवा, असा एकूण मजकूर होता. खाली लाल रंगातली बरीच उद्गारचिन्हं होती.

दत्ताराम सिंधुसंगम सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी पंजाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच एकाने लिहिलं, "आमच्यापण." मग आणखी एकाने. दुपारपर्यंत चारही मजल्यांवरचे पंजे फोनवर गोळा झाले. शेवटचा फोटो आला तो चौथ्या मजल्यावरच्या बंद घराचा. त्या घराचे मालक कधीचे नाशिकला राहायला गेले होते आणि दाराला भलंमोठं कुलूप होतं. त्या दारावर एक सोडून तीन पंजे होते.

"वाट लागली," दीप्तीने लिहिलं.

सोसायटीचे अध्यक्ष धोंडिराम कांबळे पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी प्रत्येक मजल्यावर जाऊन, पाठीमागे हात बांधून पाहणी केली. "कोणी पुसायचं नाही," ते म्हणाले. "पुरावा आहे. आणि गोठणकर, तुम्ही सेक्रेटरी आहात. तुमच्या सहीने बिल्डिंग चालते. कोण येतं, कोण जातं, जबाबदारी तुमची."

"माझी?"

"मग काय माझी? मी रिटायर झालोय."

वॉचमन नेमका गावी गेला होता. त्यामुळे संशय घ्यायलाही हाताशी कोणी नव्हतं, आणि भीती सुटी होऊन बिल्डिंगभर फिरू लागली. लोक दिवेलागणीआधी घरी येऊ लागले. दारांना दुसरी कडी लागली, कोणी लिंबू-मिरची टांगली. दत्तारामांनी तर बेल वाजली की आतून "कोण?" असं तीनदा विचारायचा नियम केला.

"मी," बाहेरून बायको म्हणे.

"मी म्हणजे कोण?"

"तुमचा नशीब! उघडा, भाजी जड झाली."

एरवी ही बिल्डिंग घाबरायच्या स्वभावाची नव्हती. खाडी जवळ, मिठागरं जवळ. पावसाळ्यात हवा इतकी दमट की पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ पडतो. त्या हवेने बाहेरच्या भिंतींचं काय केलं होतं ते कोणीही मान वर केली तर दिसलं असतं. मूळचा बदामी रंग आता वयस्कर माणसाच्या केसांसारखा कुठे होता, कुठे नव्हता. पाण्याच्या पाइपांमागे काळं-हिरवं शेवाळ, खिडक्यांखाली फोड, आणि जिन्याच्या बाजूला एका फुगीर जागेखाली गंजाचा तांबडा ओघळ. पण मान वर कोण करणार? दर वर्षीच्या सभेत रंगाचा विषय निघे आणि दत्ताराम उठून म्हणत, "रिडेव्हलपमेंट आज ना उद्या होणारच आहे. मढ्याला पावडर कशाला लावायची?" सगळे हसत. चहा येई. आणि विषय पुढच्या वर्षी जाई.

रंगाऐवजी यंदा त्यांनी एक सुधारणा मात्र केली होती. गेटपासून जिन्यापर्यंतच्या बोळात भिंतीला समांतर पिवळी रेघ मारून मोटारसायकलींसाठी जागा आखून दिली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्वेशने नवी अवजड मोटारसायकल घेतल्यापासून ती कुठे लावायची यावर भांडणं होत होती. ती या रेघेने मिटली. आता जिन्याकडे जाताना माणसाला जरा आडवं होऊन, भिंतीला धरून सरकावं लागे. पण तेवढं चालायचंच.

पंजाची मापं घ्या, असा कांबळेंचा हुकूम निघाला. दत्ताराम घरची टेप घेऊन आपल्याच दारासमोर उभे राहिले. टेप सारखी गुंडाळली जात होती, म्हणून त्यांनी अंदाजासाठी स्वतःचा हात त्या पंजाशेजारी धरला. मग, का कोण जाणे, त्याच्यावरच ठेवला.

हात बरोबर बसला.

नुसता लांबी-रुंदीत नव्हे. दत्तारामांची उजवी करंगळी नोकरीत असताना पॅकिंगच्या मशीनमध्ये सापडली होती. तेव्हापासून ती बाहेरच्या बाजूला वाकडी होती. दारावरची करंगळीही बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

दत्तारामांना एकदम देवगडचे काका आठवले. हे काका झोपेत उठून चालत विहिरीपर्यंत जात, रहाट ओढत आणि परत येऊन झोपत. सकाळी त्यांना काही आठवत नसे. लहानपणी ही गोष्ट ऐकून सगळी भावंडं खो-खो हसायची. आता तीच गोष्ट रक्तातून खाली उतरली की काय? म्हणजे आपणच झोपेत उठतो, चुन्यात हात बुडवतो आणि मजल्यामजल्याने फिरतो? पण चुना आणतो कुठून? हे न कळणं तर जास्तच भयंकर होतं.

कांबळेंना मापं मिळाली नाहीत. "टेप तुटली," दत्तारामांनी कळवलं.

संध्याकाळी फिरायला जाण्याआधी त्यांनी कोणी बघत नाहीसं बघून दार ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. परत आले, कुलूप उघडलं, पावसाने फुगलेल्या दाराला नेहमीसारखा तळहाताने धक्का दिला, आत जाऊन साबणाने हात धुतले. झोपताना बायकोच्या जुन्या ओढणीने आपला पाय खाटेच्या पायाला बांधला.

"ह्या काय?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

"पायात गोळे येतात."

सकाळी ओढणी होती तशी होती. गाठही तीच. दत्ताराम हलक्या मनाने ती सोडून दाराकडे गेले. पंजा परत आला होता. वाकड्या करंगळीसह.

ते तिथेच उंबऱ्यात खाली बसले. म्हणजे झोपेत आपण गाठ सोडतो, काम उरकतो आणि परत तशीच गाठ मारतो! झोपेत इतकी हुशारी आपल्यात येते, आणि जागेपणी सोसायटीचा हिशोब जुळत नाही.

त्याच दिवशी नोटीस लागली. कांबळेंचं वळणदार अक्षर: येत्या रविवारी सकाळी आवारात सर्वसाधारण सभा. प्रत्येक सभासदाने उजव्या हाताचा ठसा द्यावा. शाईचं पॅड अध्यक्ष आणतील.

दत्तारामांना जेवण जाईना. इतकी वर्षं लोक "गोठणकर काका" म्हणून हाक मारत होते. रविवारनंतर काय म्हणतील? बायकोला सगळे कोणाची बायको म्हणतील? शनिवारी त्यांनी मेडिकलमधून बँडेज आणलं आणि उजव्या हाताला मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत गुंडाळून टाकलं.

"हाताक काय झाला?"

"भाजलं."

"तुमका? गॅस कुठे असता ता तरी माहीत आसा?"

रविवारी सकाळी पाऊस थांबला होता, पण हवेला तोच चिकट ओलावा होता. खुर्च्या आवाराच्या पलीकडच्या टोकाला मांडल्या होत्या. एकेक जण मोटारसायकलींच्या मागून आडवा सरकत, भिंतीला हात टेकत येऊन बसत होता. दत्ताराम मागच्या खुर्चीत बसले आणि बँडेजचा हात मांडीखाली दडपला. मनात वाक्य घोळत होतं: डॉक्टरांनी सांगितलंय, पाण्या-शाईला लावायचा नाही.

दीप्ती आली. तिच्या उजव्या हाताला बँडेज होतं.

"मिक्सर," कोणी विचारायच्या आतच ती म्हणाली.

सर्वेश आला. त्याचा उजवा हात गळ्यात अडकवलेल्या झोळीत होता. "जिम, यार. डंबेल पडलं."

पहिल्या मजल्यावरच्या विमलाताई पदराखालून हातच काढेनात. एकाने उजवा हात हेल्मेटमध्ये घातला होता आणि तो निघत नाही असं त्याचं म्हणणं होतं. लोक एकमेकांच्या हातांकडे बघत होते आणि नजर भिडली की आकाशाकडे बघत होते. शेवटी अध्यक्ष आले. शाईचं पॅड त्यांच्या डाव्या हातात होतं. उजवा हात मोठ्या रुमालात बांधलेला होता.



"सुरुवात," कांबळे घसा खाकरून म्हणाले, "सेक्रेटरींपासून."

दत्ताराम उभे राहिले. पाठ केलेलं वाक्य बाजूलाच राहिलं. "कांबळे साहेब," ते म्हणाले, "ठसा नको. मीच तो. पण देवाशप्पथ सांगतो, मला काही आठवत नाही."

"काका, नाही!" दीप्ती रडवेली होऊन ओरडली. "मी आहे ती. दारावरचा हात माझाच आहे, मी लावून बघितला. सासूबाई म्हणतात माझ्याकडून कोणीतरी हे करवून घेतंय."

"एक मिनिट, एक मिनिट," सर्वेश झोळीतून धडधाकट हात काढत म्हणाला. "मला वाटलं त्या दिवशी ऑफिसची पार्टी होती ना, तेव्हा मी... म्हणजे, आमच्या दारावर तर माझाच आहे."

सगळे कांबळेंकडे वळले. हवालदारसाहेबांनी हळूच रुमाल सोडला. "मी तर स्वतःला अटक करायच्या बेतात होतो," ते म्हणाले.

रत्नप्रभाबाई चहाची किटली घेऊन बोळातून येत होत्या. त्यांनी ते सगळं ऐकलं, किटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी उठान माझ्याकडे पाठ करा बघू."

"पाठ?"

"पाठ! शर्टाची."

सभेने पाठ केली. प्रत्येक पाठीवर, साधारण एकाच उंचीला, पांढरा पट्टा होता.

"चोर तुमच्या पाठीवर बसान इलो काय?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. "मी आपली रोज ब्रश घेऊन घासतंय, आणि विचारलं तर हे माका सांगतत, घामाचो डाग." त्या भिंतीजवळ गेल्या, तिच्यावर तळहात फिरवला आणि सगळ्यांना दाखवला. तळहात ओलसर, नुसता मळकट दिसत होता. त्यांनी तो हवेत हलवून वाळवला. बघता बघता तो पांढरा झाला. "रंग मेलो ह्या भिंतीचो. पीठ होऊन सुटता. ओलो असताना दिसत नाय, सुकलो की दिसता. तुम्ही भिंत धरून येतास, दार ढकलतास, आणि आत जाऊन साबणान हात धुतास."

"पण ते चौथ्या मजल्यावरचं बंद घर?" दीप्तीने क्षीण आवाजात विचारलं. "तिथे तर कोणी राहतच नाही."



"मी जायचो," दत्ताराम म्हणाले. "कुलूप नीट आहे का बघायला. दार जरा ढकलून."

"मीपण," सर्वेश म्हणाला.

"फोटोच्या आदल्या दिवशी मीही," कांबळे म्हणाले. "मेसेज वाचून."

मग हसू फुटलं, आणि एवढ्या दिवसांची भीती त्याच्याबरोबर वाहून गेली. बँडेजं सुटू लागली, तरी बरीचशी तशीच होती, कारण गाठी भीतीने मारलेल्या होत्या. त्याच उत्साहात कांबळेंनी ठराव मांडला: बिल्डिंगला बाहेरून रंग द्यावा. मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत. बँडेजांचं एक पांढरं रान उभं राहिलं. दत्तारामांचाही हात वर गेला.

"पण काका," सर्वेश विचार करत म्हणाला, "गाड्या पलीकडे लावल्या तर? भिंतीला हातच लागणार नाही ना कोणाचा. मग रंगाची गरज काय?"

एक हात खाली आला. मग दुसरा. दत्तारामांना जुनं वाक्य आठवलं आणि बरं वाटलं. "तसंही," हात खाली घेत ते म्हणाले, "रिडेव्हलपमेंट आज ना उद्या..."

"बरोबर आहे," कांबळे म्हणाले. "वरचा रंग गेला म्हणून काय झालं? आतून भिंत अजून दणकट आहे." आणि हे दाखवायला ते बोळाच्या तोंडाशी गेले. जिथे ती फुगीर जागा होती, तिच्या कडेवर त्यांनी निवृत्त पोलिसी तळहाताने एक जोरदार थाप मारली.

आधी नुसतंच "खर्र" झालं. कांबळे खात्यात शिकल्याप्रमाणे मागे उडी मारते झाले. मग दरवाजाएवढा प्लास्टरचा पापुद्रा सावकाश भिंतीपासून सुटला आणि सर्वेशच्या नव्या मोटारसायकलवर कोसळला. हँडल वाकलं, आरसा घरंगळत किटलीपाशी येऊन थांबला. धूळ बसल्यावर आतली गंजलेली सळई दिसली, फुगून पापुद्रे सुटलेली. त्याच जागेखालून थोड्या वेळापूर्वी रत्नप्रभाबाई चहा घेऊन आल्या होत्या. जरा आडव्या होऊन, भिंतीला धरून.

कोणी हसलं नाही. सर्वेशसुद्धा गाडीकडे धावला नाही. तो वरच्या भिंतीकडे बघत होता. मग सगळेच मान वर करून बघू लागले. बिल्डिंग बांधल्यापासून पहिल्यांदाच, नीट, मजल्यामजल्याने. असे फुगवटे आणखी होते. खिडक्यांखाली होते, जिन्यावर होते, विमलाताईंच्या वाळणाच्या दोरीच्या बरोबर वरही होते.

ठराव पुन्हा वाचावा लागला नाही. हात गुपचूप वर गेले आणि या वेळी वरच राहिले.

रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दत्ताराम डोळे मिटून, पांढरेफटक पडून उभे होते.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "एक हात खाली घ्या. मत एकच असता."